पासवर्डचा पाहुणचार

आमचा लॅपटॉप अकरा वर्षांचा आहे आणि तो मी निवडलेला आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या प्रकरणात मी एवढा हट्टाला का पेटलो हे वेगळं समजावायला नको. तो घेताना मी सहा आठवडे चौकशी केली होती, तीन दुकानांत चहा प्यायलो होतो आणि आमच्या पाटबंधारे कार्यालयातल्या चार सहकाऱ्यांना तेच मॉडेल घ्या म्हणून पटवलं होतं. त्या चौघांनी नंतर दुसरेच लॅपटॉप घेतले. असो, ज्याची त्याची समज.

तर या लॅपटॉपवर वायफाय चालेना. म्हणजे चालायचं, पण एखादं पान उघडायला सांगावं आणि मधल्या वेळात दाढी करून यावं, अशा बेताने. एरवी मला त्याचं काही वाटलं नसतं. सरकारी नोकरीत सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला वाट बघण्याचं काय विशेष? पण या वेळी काम प्रीतीचं अडलं होतं.

प्रीती म्हणजे माझी बायको. अठरा वर्षं तिने एका खासगी शाळेत मराठी शिकवलं. गेल्या जूनमध्ये शाळेने मराठी माध्यमाचे वर्गच बंद केले. ती रडली नाही, कुणाला बोलली नाही, फक्त घरात येईल त्या छापील कागदावर लाल पेन चालवायला लागली. लग्नपत्रिका, किराणा दुकानाची जाहिरात, ग्रामपंचायतीची नोटीस, काही सुटलं नाही. एका साखरपुड्याच्या पत्रिकेला तिने दहापैकी चार गुण दिले आणि ती पत्रिका टेबलावर असतानाच नवऱ्यामुलाचे वडील घरी आले. वर्षभर हे बघून माझा जीव तुटत होता. पण तसं तोंडाने बोलून दाखवायची आमच्या घरात सवय नाही.

अशात परदेशातल्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवणाऱ्या एका संस्थेने तिला बोलावलं. एका रविवारी दुपारी चारला एका मुलीचा नमुना तास घ्यायचा, संस्थेच्या बाई आणि मुलीची आई बघणार, पसंत पडलं तर काम पक्कं. त्याआधी एक चाचणी कॉल झाला. तिसऱ्या मिनिटाला प्रीतीचं तोंड ‘आ’ वर उघडं राहून पडद्यावर गोठलं ते चार मिनिटं तसंच राहिलं. संस्थेच्या बाई म्हणाल्या, “मॅडम, शिकवणं छान आहे तुमचं. पण त्या रविवारी असं झालं तर आम्हाला दुसरं कुणीतरी बघावं लागेल.”

तो रविवार दहा दिवसांवर होता. प्रीती म्हणाली, “नवा लॅपटॉप घेऊया का?”

“लॅपटॉपला काहीही झालेलं नाही,” मी म्हणालो. “सेटिंगचा प्रश्न आहे. दोन दिवसांत करून देतो.”

हे वाक्य मी का बोललो, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. उत्तर मिळालेलं नाही.

पहिल्या दिवशी मी ‘जुन्या लॅपटॉपवर वायफाय मंद असल्यास काय करावे’ हे इंटरनेटवर शोधलं. ते पान लॅपटॉपवर उघडेना, म्हणून फोनवर वाचलं. फोनवर ते झटक्यात उघडलं, हा अपमान मी गिळला. त्यात सांगितल्याप्रमाणे लॅपटॉप बंद करून चालू केला. राउटर बंद करून चालू केला. बॅटरी वाचवायची सोय बंद केली. शेवटची सूचना होती की, लॅपटॉपला आपलं वायफाय विसरायला लावा आणि पुन्हा जोडा. लॅपटॉप ताबडतोब विसरला. त्या दिवसात त्याने चपळाईने केलेलं हे एकच काम. मग पासवर्ड मागायला लागला, आणि तो मलाही आठवेना. स्टुलावर चढून, राउटर उलटा करून मी त्याच्या पोटावर लिहिलेला पासवर्ड मोठ्याने वाचत होतो, तेवढ्यात समोरचे बाळासो आत आले.

बाळासोंची आमच्यासमोरच दूध डेअरी आहे. त्यांचं आजोळ कोल्हापुरात शिवाजी पेठेत, त्यामुळे दूध आमच्या गडमुडशिंगीचं आणि काळीज तिथल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचं, अशी त्यांची वाटणी आहे. आवाज मूळचाच मोठा.

“काय चाललंय सायेब स्टुलावर?”

मी सांगितलं.

“हात्तिच्या. सांगा पासवर्ड, माझ्या फोनवर बगतो. रोग मशीनला हाय का नेटला, एका मिंटात कळतंय.”

मी सांगितला. त्यांच्या फोनवर कुस्तीचा एक व्हिडिओ धबाधबा चालला. “नेट झकास हाय की. तुमचा ल्यापटॉप म्हातारा झालाय, सायेब,” असं म्हणून ते चहा पिऊन गेले. पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. घरी आलेल्या माणसाला पाणी विचारतात, चहा विचारतात. या दहा दिवसांत त्यात पासवर्डची भर पडली. वायफाय आजारी आहे म्हटल्यावर गल्लीतली माणसं बघायला यायला लागली. प्रत्येकजण स्वतःच्या फोनवर तपासून बघे, “आमच्यात तर पळालंय की,” म्हणे आणि जाई. दिलेला पासवर्ड परत कसा मागायचा? वाटीने दिलेली साखर परत मागत नाहीत. शिवाय मी सरकारी नोकर. नाही म्हणायची सवय मला कार्यालयात आहे, घरी नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारचे आण्णा आले. आण्णा टेलिफोन खात्यातून लाईनमन म्हणून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं झाली. त्यांच्या हयातीत वायर नसलेली कुठलीही गोष्ट कधी नीट चाललेली नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी राउटरला कान लावला.

“ह्येला अर्थिंग न्हाई,” ते म्हणाले.

“त्याला लागत नाही आण्णा.”

“समद्याला लागतंय. तुमाला मला बी लागतंय.” मग त्यांनी हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत, जिथे लॅपटॉप असतो, पावलं मोजली. “मधी दोन भिंती हायत. मानूस बी दोन भिंतींपलीकडचं ऐकंना झालाय. रावटर मधल्या भिंतीवर घ्या.”

हे मात्र मला पटलं. पटलं नसतं तर बरं झालं असतं. आण्णांनी घरून ड्रिल आणलं, भिंतीवर बोटाने टकटक करून जागा ठरवली आणि म्हणाले, “इथं काय न्हाई, पोकळ हाय.” पोकळ होतं हे खरं. त्या पोकळीतून वरच्या टाकीचा पाइप जात होता.

पुढचा पाऊण तास मी त्या भोकावर अंगठा धरून उभा होतो. आण्णा टाकीचा कॉक शोधायला गच्चीवर गेले, तो गंजलेला निघाला, मग ते पक्कड आणायला घरी गेले आणि घरी त्यांना जेवायला बसवलं. हजार लिटरची टाकी माझ्या कोपरावरून हॉलमध्ये उतरली. प्रीतीने राउटर उचलून कपाटावर ठेवला, पुस्तकं उचलून पलंगावर ठेवली आणि माझ्याकडे एकदा बघितलं. त्यापेक्षा ओरडली असती तर चाललं असतं. प्लंबर दोन दिवसांनी मिळाला. तोवर आम्ही बाळासोंच्या बोअरचं पाणी बादल्यांनी आणलं. प्लंबरनेही जाताना पासवर्ड नेला.

सहा दिवस गेले. मी अर्धा दिवस रजा टाकून नेटवाल्यांच्या कार्यालयात गेलो. माझी तक्रार मी आधीच फोनवरून नोंदवली होती. खिडकीत क्रांती नावाच्या मॅडम होत्या, तिशीच्या, शांत.

“तुमची तक्रार बंद झाली आहे,” त्या संगणकाकडे बघून म्हणाल्या.

“दुरुस्त न होता?”

“राउटरपर्यंत नेट पोचतंय. तिथपर्यंत आम्ही. त्याच्यापुढे तुमचं घर.”

माझं अर्धं आयुष्य लोकांना ‘कालव्यापर्यंत आम्ही, पुढे तुमचं शेत’ हेच सांगण्यात गेलं आहे. ते ऐकणाऱ्याला कसं वाटतं, हे त्या दिवशी प्रथमच कळलं. माझा चेहरा बघून की काय, त्यांनी आणखी काही बटणं दाबली आणि विचारलं, “काका, तुमच्या घरी माणसं किती?”

“तीन. मी, बायको आणि वडील. वडील सध्या बहिणीकडे आजऱ्याला आहेत.”

“आत्ता तुमच्या वायफायवर सत्तावीस फोन आहेत.”

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. यादीत बाळासो होते, दोनदा. आण्णा होते. प्लंबर होता, म्हणजे त्या क्षणी तो आमच्याच गल्लीत होता. ‘सरपंच ग्रुप’ नावाचा एक फोन होता, तो कुणाचा हे मला आजही माहीत नाही.

“आणि तुमचा लॅपटॉप जुना,” त्या म्हणाल्या. “नव्या फोनांना नेटचा मोठा रस्ता घेता येतो. याला फक्त जुना अरुंद रस्ता दिसतो, आणि तिथे सगळ्या गल्लीचे राउटर दाटीने उभे आहेत. आधी पासवर्ड बदला. कनेक्शन वडिलांच्या नावावर आहे, त्यांच्या फोनवर ओटीपी पाठवते. दहा मिनिटांत सांगा.”

मी तिथूनच आबांना फोन लावला.

“आबा, तुमच्या फोनवर आत्ता सहा आकडे आले असतील, ते सांगा.”

“कोन बोलतंय?”

“मी नागसेन.”

“नागसेननंच सांगितलंय मला, आकडं मागनारा कोन बी असू दे, सांगायचं न्हाई.”

“आबा, तो नागसेन मीच.”

“समदे चोर असंच म्हनत्यात.”

गेल्या दिवाळीत मी आबांना समोर बसवून दोन तास हे शिकवलं होतं, पाठ करून घेतलं होतं. माझ्या सबंध आयुष्यात आबांनी माझं ऐकलं ते एवढंच. माझ्या मागे रांगेत सात माणसं होती.

“बरं, तू नागसेन असशील तर सांग,” आबा म्हणाले. “पयल्या दिवशी शाळंत घातलं तवा काय केलतंस?”

“आबा, इथं लोक आहेत.”

“मग ठेवतो फोन.”

“चड्डी ओली केली होती,” मी म्हणालो.

“आनि?”

“आणि खिडकीतून पळून घरी आलो होतो.”

“व्हय, नागसेनच हाईस,” आबा समाधानाने म्हणाले. “कसं हाईस? जेवलास?”

“आबा, आकडे.”

“ते न्हाई सांगत. फोनवर मधी कोन ऐकत असंल तर? सोमवारी येतोय, तवा सांगतो.”

दहा मिनिटं संपली. क्रांती मॅडम खाली बघून काहीतरी लिहीत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. रांगेतल्या एका गृहस्थाने मला बसायला खुर्ची दिली. ती मी नाकारली, कारण माणसाला थोडा तरी मान राहिलेला असतो.

शेवटी मी प्रीतीच्या तासाची अडचण सांगितली आणि तोडगा त्यांनीच सांगितला. राउटरच्या मागे एक बटण असतं. ते दाबलं की हवेतलं वायफाय बंद, पण वायरने जोडलेल्या यंत्राला नेट चालू. “रविवारी चारला बटण दाबा, लॅपटॉपला वायर लावा. तासभर सगळं नेट मॅडमचं.” इतकं साधं होतं. घरी येऊन हे प्रीतीला सांगितलं तेव्हा तिने फक्त विचारलं, “पाइप न फोडता?”

वायर आण्णांनी दिली, जुन्या साठ्यातली, आनंदाने डोळे भरून. ती दोन मीटरचीच होती, म्हणून टेबल हॉलमध्ये राउटरखाली आणावं लागलं. आणि तिच्या टोकाचा प्लॅस्टिकचा चाप तुटलेला होता. हात लावून दाबून धरली तर नेट पळायचं, सोडली की वायर निसटायची. शनिवारी संध्याकाळी चिकटपट्टी, दोरा, कपड्याचा चिमटा, सगळं करून पाहिलं. काही टिकेना. नवी वायर आणायला मी रविवारी सकाळी निघालो, तर फुटबॉलच्या अंतिम सामन्यामुळे शहरातली ओळखीची तिन्ही दुकानं बंद. सामना तीन ते पाच होता.

पावणेचारला मी टेबलाखाली शिरलो. प्रीतीने निळी साडी नेसली होती. खाली वाकून म्हणाली, “तासभर जमेल?”

“न जमायला काय झालं,” मी म्हणालो, आणि मांडी घालून, हात वर करून, लॅपटॉपच्या कडेला वायर दाबून धरली. चारला पाच कमी असताना तिने राउटरचं बटण दाबलं. सत्तावीस फोन एकदम अंधारात गेले.

तास सुरू झाला. मला दिसत होत्या फक्त प्रीतीच्या टाचा, पण ऐकू सगळं येत होतं, आणि आवाज अगदी स्वच्छ होता. मुलगी नऊ वर्षांची, अनुजा, डब्लिनला राहणारी. प्रीतीने बाजाराचा धडा घेतला होता. सुंदर तयारी केली होती तिने, चित्रं वगैरे काढून. “अनुजा, बाजारात तुला काय काय दिसतं?” मुलगी म्हणाली, “भाजी.” पुढे काही नाही. “आणखी?” “माहीत नाही.” प्रीतीने गोष्ट सांगून पाहिली, गाणं म्हणून पाहिलं. मुलीची जांभई मला टेबलाखाली ऐकू आली. प्रीतीची एक टाच जमिनीवर हळूहळू आपटायला लागली. नेट सुरळीत होतं आणि तास बुडत होता. आता मला दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्याच वेळी दार उघडलं. आमच्या गल्लीत दिवसा दाराला कडी लावली तर आत भांडण चाललंय असं समजतात, म्हणून आम्ही लावत नाही.

“सायेब, नेट कुठं गेलं हो?” बाळासोंचा आवाज. “दूध घालायला मानसं उभी हायत, त्यांना सोडून आलोय. कार्नर मिळालाय आपल्याला, आन् नेमका माझ्या फोनचा डाटा संपून चाक फिराय लागलंय. वैनी, सायेब कुठं हायत?”

मी टेबलाखालून दुसऱ्या हाताने त्यांना जा जा अशी खूण केली. त्यांनी ती पाहिली नाही. “माफ करा, मी जरा…” प्रीती संस्थेच्या बाईंना म्हणायला लागली, आणि तिचा आवाज कापला. अठरा वर्षांत वर्गात तिचा आवाज कापल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि लॅपटॉपमधून मुलगी म्हणाली, “कुणाची मॅच आहे?”

“आँ?” बाळासो पडद्यासमोर वाकले. “कोन गं तू? गाव कंचं?”

“डब्लिन.”

“ते न्हवं. मूळ गाव?”

“आजरा. आजीचं.”

“मग आपलीच की. खेळतीस व्हय फुटबॉल?”

“मी गोलकीपर आहे,” मुलगी म्हणाली. “कॉर्नरचं काय झालं?”

“त्येच तर कळंना झालंय बाई. हितलं नेट बंद हाय.”

मुलीने आईला हाक मारली. खुडबूड झाली. तिच्या आईने त्यांच्याकडच्या टीव्हीवर कोल्हापूरचा सामना लावला. तो तिथे चाललाही, कारण तिथे त्यांचा पासवर्ड गल्लीला दिलेला नव्हता. आणि प्रीतीने, मी तिचं हे शंभर जन्म विसरणार नाही, बाजाराची चित्रं बाजूला सारली.

“अनुजा,” ती म्हणाली, “काकांना मॅच दिसत नाही. तू बघ आणि त्यांना सांग. मराठीत. काय चाललंय आत्ता?”

“बॉल… बॉल त्या निळ्या माणसाकडे आहे. तो पळतो आहे. त्याने दुसऱ्याला… त्याने त्याला पाडलं.”

“पाडलं? कोनी पाडलं?” बाळासो ओरडले. “कार्ड दिलं का?”

“नाही दिलं. सगळे भांडत आहेत. एक माणूस मैदानात आला, त्याच्याकडे झेंडा आहे.”

“‘घेऊन आला’ म्हण,” प्रीती शांतपणे म्हणाली. “झेंडा घेऊन आला.”

“झेंडा घेऊन आला. आता पोलीस घेऊन आले… नाही. पोलीस त्याला घेऊन गेले.”

“शाब्बास,” प्रीती म्हणाली.

चपलांचे आवाज येत गेले. आण्णा आले, दूध घालायला आलेली माणसं कॅनसकट आली, शेजारणी आल्या. सत्तावीस फोनांची मालक मंडळी आमच्या हॉलमध्ये दाटीवाटीने उभी राहून डब्लिनच्या मुलीच्या तोंडून कोल्हापूरचा सामना ऐकत होती. मला फक्त पाय दिसत होते. ती चुकली की प्रीती एका शब्दाने सुधारायची आणि मुलगी न थांबता पुढे जायची. पस्तीस मिनिटं ती पोर बोलत होती. माझा हात आधी दुखला, मग बधिर झाला, मग तो माझा आहे की टेबलाचा हे कळेना. कुणीतरी माझ्या पायावर दुधाचा कॅन टेकवला. वायर सोडली असती तर गोल कुणी केला हे गल्लीला कळलं नसतं, पण मी धरून होतो ते त्यासाठी नव्हे. वर प्रीती हसत होती. वर्षभरात मी ते ऐकलं नव्हतं.

तास संपला तेव्हा मुलीची आई म्हणाली, “मॅडम, ही घरी मराठीत दोन वाक्यंसुद्धा बोलत नाही हो.” संस्थेच्या बाईंनी तिथेच सांगून टाकलं, आठवड्यातून दोन तास, बुधवार आणि रविवार, आणि तुमचं इंटरनेट आता फारच छान झालंय.

गल्ली जिंकल्याच्या आनंदात बाहेर गेली. प्रीती खाली वाकली, मग फरशीवर बसलीच, साडीची पर्वा न करता.

“सोडा आता,” ती म्हणाली.

मला सोडता येईना. बोटं वायरीभोवती आवळून बसली होती. तिने माझा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट सरळ केलं, करंगळीपासून सुरू करून, अगदी सावकाश. डोळे तिचेही ओले होते, माझेही. पाचही बोटं मोकळी झाल्यावर तिने वायर नीट गुंडाळून बाजूला ठेवली.

“बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाका,” ती म्हणाली.